लाकडी चाळण की प्लास्टिकची? गिरणीतल्या बाईचं म्हणणं

मागच्या आठवड्यात एका ताईंचा मेसेज आला. त्यांनी घरीच नाचणी आणि ज्वारीचं पीठ पॅक करून विकायला सुरुवात केलीये, घरघंटी (घरगुती पिठाची छोटी गिरणी) घेतलीये, आणि आता चाळण कुठली घेऊ असं विचारत होत्या, बाजारात प्लास्टिकची स्वस्त मिळते, सासूबाई म्हणतात लाकडाचीच घे, तुम्ही काय वापरता? मी उत्तर टाइप करायला बसले आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं सरळ इथंच लिहावं, कारण हेच मला याआधीही तीन-चार जणींनी विचारलंय आणि दरवेळी मी दळणं सांभाळता सांभाळता फोनवर अर्धवट काहीतरी सांगून मोकळी झालेय.

आमची गिरणी सांगलीत, सासऱ्यांनी सुरू केलेली, दगडाची. लोकांची दळणं तर असतातच, पण लग्न होऊन आल्यावर काही वर्षांनी मी भाजणी, तांदळाची पिठी, बेसन, नाचणी, खपलीचं पीठ असं थोडं थोडं पॅक करून द्यायला लागले आणि चाळणीशी माझा खरा संबंध तेव्हापासून आला. लोकांचं दळण आपण चाळत नाही, ते डब्यात पडतं आणि डबा घरी जातो, ज्याचा त्याने घरी चाळायचं. पण आपल्या नावाने पाकीट गेलं की त्यात जे काही निघेल ते आपलं. म्हणून मी प्रत्येक पीठ चाळते, अगदी भाजणीसुद्धा, जी चाळायची खरं तर गरज नसते. माझ्या दृष्टीने चाळणं म्हणजे कोंडा काढणं नाहीच, चाळणं म्हणजे तपासणं. खडा, दोरा, पोत्याची सुतळी, दगडाची कच, किडा, जे काही हाताच्या आणि डोळ्याच्या नजरेतून सुटलं ते इथं शेवटचं सापडतं, यानंतर थेट गिऱ्हाइकाची परात. आणि जी वस्तू शेवटची तपासणी करते तिनेच पिठात स्वतःचं काही सोडू नये, एवढीच माझी चाळणीकडून अपेक्षा आहे, बाकी सगळं पुढचं.

आधी शब्दांचं. धान्याची मोठ्या भोकांची ती चाळण आणि पिठाची बारीक ती चाळणी असं घरी म्हणतात, गिरणीत मात्र सगळ्यालाच चाळण म्हणतात, मी पण तसंच लिहिणार. धान्याची चाळण पत्र्याचीच असते, त्यात वाद नाही. वाद आहे तो पिठाच्या चाळणीचा, म्हणजे गोल कडं लाकडाचं असावं की प्लास्टिकचं. जाळी दोन्हीत तारेची मिळते, पितळेची किंवा स्टीलची, प्लास्टिकच्या कड्यात नायलॉनची पण येते.

आमच्याकडे पूर्वी सगळ्या लाकडीच होत्या. सासूबाईंच्या तीन चाळणी गिरणीच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेल्या असायच्या, त्यातली एक त्यांच्याही सासूबाईंची, कडं हाताळून हाताळून काळंभोर गुळगुळीत झालेलं. मग २०१९ चा ऑगस्ट आला, महापुराचा. सांगलीकरांना त्याबद्दल काही सांगायला नको, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट झालं एवढा एकच प्रश्न तेव्हा सगळं गाव एकमेकांना विचारत होतं, ४५ फूट ही धोक्याची पातळी ती कधीच मागे पडली होती आणि आमच्या गिरणीत पाणी शिरलं ते कित्येक दिवस हललं नाही. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तेव्हाचा वास मला अजून आठवतो, भिजून आंबलेलं धान्य आणि गाळ. मोटर काढून रिवाइंडिंगला दिली, पट्टे गेले, दगड धुऊन पुन्हा टाकी मारून, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून, घेतले. आणि त्या तीन चाळणी. लाकडाचं कडं म्हणजे पातळ फळी वाकवून दोन्ही टोकं एकावर एक ठेवून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारलेल्या असतात, पाण्यात राहून त्या चुका सुटल्या आणि वाकवलेली फळी पुन्हा सरळ व्हायला निघाली होती, जाळी एका बाजूला लोंबत होती, कड्यावर काळी बुरशी. सासूबाईंनी ती जुनी चाळण हातात घेतली, पदराने एकदा पुसली आणि काही न बोलता फेकायच्या ढिगावर ठेवली. पुराचं पाणी म्हणजे गटाराचंच पाणी, ठेवायचा प्रश्नच नव्हता, पण मला आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

तर मग गिरणी परत उभी करताना मी ठरवून प्लास्टिकच्या घेतल्या. सगळ्यांनी तेच सांगितलं, धुता येतात, भिजल्या तरी काही होत नाही, हलक्या आहेत, किंमत निम्म्याहून कमी. आणि सुरुवातीला मी खरंच खूश होते. रोज संध्याकाळी नळाखाली धरायची, पुसायची, उपडी घालायची, सकाळी कोरडी. रंग वेगवेगळे असल्याने बेसनाची पिवळी, तांदळाची पांढरी, उपवासाची लाल, कामाला येणाऱ्या मावशींना सांगायला सोपं. लाकडी चाळण धुता येत नाही, हे मला तेव्हा लाकडाचं सगळ्यात मोठं वैगुण्य वाटायचं.

पहिली अडचण आली ती डिसेंबरात. थंडीत हवा कोरडी झाली आणि ज्वारीचं पीठ चाळायला घेतलं की ते कड्याला आतून चढून बसायला लागलं, थापटलं तरी पडेना, हात लावला की उलट बोटांना चिकटायचं. नायलॉनच्या जाळीवर तर अजूनच, जाळीची भोकं उघडी दिसतायत आणि पीठ खाली उतरत नाही. घर्षणाने प्लास्टिकवर स्थिर वीज साठते, लहानपणी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो तोच प्रकार, फक्त इथं कपट्यांच्या जागी पीठ. लाकडावर हे जवळजवळ होतच नाही, कारण लाकडात नेहमी थोडी ओल असते आणि ती वीज साठू देत नाही. तारेची जाळी असलेली प्लास्टिकची चाळण घेतली तर त्रास कमी होतो पण कड्याला चिकटणं राहतंच, आणि दिवसाला चाळीस-पन्नास किलो चाळायचं असेल तेव्हा दर घाण्याला कडं खरवडत बसणं म्हणजे मनगटाचं काम.

दुसरी गोष्ट उन्हाची. पिठाच्या कुठल्याही वस्तूला आठवड्यातून एकदा ऊन दाखवायचं ही आमच्या घरची शिस्त, सुपं, डबे, चाळणी, कुंचे, सगळं रविवारी गच्चीवर. लाकडाला ऊन मानवतं. प्लास्टिकला ऊन खातं, वर्षभरात पिवळी चाळण फिकी पडली, कड्याची लवचीकता गेली, बोटाने दाबलं की आधी वाकायची ती आता कडक लागायला लागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिसरी गोष्ट गरम पिठाची. दगडाच्या गिरणीतून पीठ उतरतं ते चांगलंच गरम असतं, घाई असली की आपण तसंच चाळायला घेतो. ते चुकीचंच आहे, कुठलीही चाळण असली तरी, कारण गरम पिठातून वाफ निघते, ती जाळीला धरते आणि भोकं बुजतात, शिवाय असं पीठ लगेच पाकिटात भरलं की आत घाम येऊन वास लागतो. परातीत पसरून पूर्ण निवू द्यायचं, मग चाळायचं. पण आपण माणसंच आहोत, दिवाळीत घाई होते, आणि प्लास्टिकच्या चाळणीत जाळी कड्यात वितळवून बसवलेली असते, तिथे रोज गरम पीठ, रोज थापटणं, हळूहळू जाळीला मधे झोळ पडतो. झोळ पडला की सगळं पीठ मधे गोळा होतं, कडेची जाळी रिकामी फिरते आणि वेळ दुप्पट लागतो.

आणि मग ती दिवाळी. भाजणीची मोठी ऑर्डर होती, अठरा किलो, चकलीची. चाळून झाली, मोठ्या परातीत पसरलेली होती, आणि मावशी चाळण धुवायला घेऊन गेल्या त्या तशाच परत आल्या, म्हणाल्या ताई, हे बघा. कड्याच्या आतल्या काठाला, जाळीच्या अगदी वर, करंगळीच्या नखाएवढा तुकडा नव्हता. सकाळी होता की नव्हता, कोणालाच सांगता येईना. आम्ही दोघी बसलो आणि ती भाजणी मूठ मूठ करून बघितली, पुन्हा दुसऱ्या चाळणीने चाळली, तुकडा मिळाला नाही. कदाचित तो आदल्या दिवशीच धुताना मोरीत गेला असेल. पण असेल म्हणून चकलीच्या पिठात कसं चालणार, लहान मुलं खातात. ती सगळी भाजणी मी बाजूला काढली, आमच्या ह्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, रात्रभर पुन्हा भाजायला बसलो.

त्या रात्रीनंतर मी सगळ्या प्लास्टिकच्या चाळणी घेऊन उजेडात बसले आणि नखाने आतलं कडं खरवडून बघितलं. दोन वर्षं वापरलेल्या बेसनाच्या चाळणीला आतून जिथपर्यंत पीठ घासतं तिथपर्यंत एक पट्टा उठला होता, वरचं प्लास्टिक चकचकीत आणि खालचा पट्टा पांढुरका, खरखरीत, दुधी काचेसारखा. नख ओढलं की नखाखाली पांढरी भुकटी यायची. पीठ नव्हतं ते, मी ओल्या बोटाने पुसून, वाळवून पुन्हा ओढून बघितलं. म्हणजे दोन वर्षं घासून जे प्लास्टिक कमी झालं ते गेलं कुठं? थोडं धुताना मोरीत गेलं असेल, बाकीचं बेसनातच गेलं. हे कळल्यावर माझ्यापुरता निर्णय झाला. लाकूडसुद्धा झिजतं, हे मला माहीत आहे, सासूबाईंच्या त्या चाळणीचं कडं आतून किती पातळ झालं होतं. पण झिजलेलं लाकूड पोटात जाणं आणि झिजलेलं प्लास्टिक पोटात जाणं ह्या दोन गोष्टी मला सारख्या वाटत नाहीत.

आता लाकडीबद्दल, आणि इथे मी कौतुक करून थांबणार नाही कारण लाकडी चाळण निष्काळजी माणसाच्या हातात प्लास्टिकपेक्षा वाईट.

तिचा शत्रू ओल आणि किडे. कडं दोन असतात, आतलं आणि बाहेरचं, त्यांच्यामधे जाळी पकडलेली असते आणि त्या दोन कड्यांच्या मधे केसाएवढी फट राहते. पीठ त्या फटीत जातं आणि तिथेच बसतं. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, हिवाळ्यात आक्रसतं, दरवेळी फट थोडी मोठी होते. मी एकदा जुलैमधे नवीन चाळणीची ती फट टाचणीने उकरली, अडीच-तीन महिनेच वापरलेली चाळण, आणि त्यातून आधी घट्ट झालेलं पिठाचं सुतासारखं वेटोळं निघालं आणि त्याच्या मागून दोन पिवळट अळ्या. लालसर पोरकिड्यांच्या. ह्या किड्याची अंडी चिकट असतात, त्यांना बाहेरून पीठ चिकटतं म्हणून डोळ्याला दिसतच नाहीत, आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून किडा व्हायला महिना-सव्वा महिना पुरतो. म्हणजे आपण चाळतोय किडे काढायला आणि चाळणच किड्यांचं बाळंतघर. बारीक, ६० नंबरच्या जाळीवर ही अंडी अडकतात, पण भाजणी किंवा ज्वारीचं पीठ तेवढ्या बारीक जाळीतून काढता येत नाही, त्यामुळे चाळणीच्या भरवशावर राहून चालत नाही, फट साफ ठेवणं हाच उपाय.

माझी पद्धत सांगते. लाकडी चाळणीला पाणी कधीच नाही, ओलं फडकंसुद्धा नाही. रोज काम संपल्यावर उलटी धरून कड्यावर तळव्याने चार थापट्या, मग कोरड्या कुंच्याने जाळी आतून आणि बाहेरून झाडायची, कुंचा फक्त त्याच कामाचा. शनिवारी फट टाचणीने किंवा जुन्या टूथब्रशने पूर्ण गोल उकरायची, खाली कागद अंथरून, म्हणजे काय निघालं ते दिसतं. रविवारी कडक ऊन, दोन्ही बाजूंनी. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा भट्टीच्या खोलीत, जिथे भाजणीचं धान्य भाजतो, तिथे टांगायची. जमिनीवर किंवा ओट्यावर पालथी ठेवायची नाही, भिंतीपासून थोडी सुटी टांगायची. आणि कड्याला आतून काही म्हणजे काही लावायचं नाही, व्हार्निश नाही, रंग नाही, गोडं तेलही नाही, तेल काही दिवसांनी खवट होतं आणि तो वास पिठाला लागतो.

नवीन घेताना मी काय बघते तेही लिहिते. आधी कड्यावरून आतून हात फिरवायचा, सावकाश, पूर्ण गोल. कुसळ टोचली तर ती चाळण तिथेच ठेवायची, किंवा बाकी सगळं चांगलं असेल तर घरी आणून बारीक पॉलिश पेपरने घासून, झटकून, पहिल्यांदा दोन किलो टाकाऊ पीठ तिच्यातून काढून फेकायचं. दगडाला नवीन टाकी मारल्यावर आपण पहिलं दळण जनावराला घालतो ना, तसंच. मग चुका बघायच्या, त्यांची टोकं आत आलेली नकोत, वळवून लाकडात बसवलेली हवीत. गंजलेली एक जरी दिसली तरी नको. आणि शेवटी जाळी. जाळीवर बोटाने टिचकी मारायची. ताणलेली असेल तर टणक आवाज येतो, ढिली असेल तर थप्प. आमच्या शेजारी मिरजेत सतारी, तंबोरे बनवणारे कारागीर तार लावताना कसे परत परत छेडून बघतात, चाळण घेताना मला दरवेळी तेच आठवतं. गणपती पेठेत मी एका दुकानात अकरा चाळणी वाजवून बघितल्या होत्या, त्यातल्या दोन निघाल्या. दुकानदार कंटाळला, पण त्या दोन अजून वापरात आहेत.

जाळीच्या नंबरचा गोंधळ बऱ्याच जणींचा होतो. चाळणीच्या जाळीचा नंबर म्हणजे एका इंचात किती भोकं. त्यामुळे नंबर वाढला की भोक बारीक. घरघंटीच्या जाळ्यांचं उलट, तिथे शून्य नंबर सगळ्यात बारीक आणि नंबर वाढला की पीठ जाड. ढोबळमानाने २० नंबरचं भोक ०.८ मिलिमीटरच्या आसपास, ४० चं ०.४ आणि ६० चं पाव मिलिमीटर, पण तार जाड असेल तर त्याच नंबरमधे भोक लहान होतं, म्हणून नुसता नंबर ऐकून घेऊ नका, आपलं पीठ मूठभर सोबत न्या आणि तिथेच चाळून बघा. भाजणीला मी २० वापरते, ज्वारी आणि खपलीला ३०, बेसनाला ४०, मोदकाच्या पिठीला ६०. मोदकाची पिठी आमच्या आजी वस्त्रगाळ करायच्या, तांदूळ धुऊन सावलीत वाळवून, दळून, मग मलमलच्या फडक्यातून, आणि त्या पिठीच्या उकडीला जो मऊपणा यायचा तो मला ६० नंबरमधून अजून मिळाला नाही, हे मान्य करते.

गव्हाच्या पिठाला मात्र बारीक जाळी लावू नका. गव्हाच्या दाण्यात साधारण १४ टक्के कोंडा आणि दोन-अडीच टक्के अंकुर असतो, ५०-६० नंबरमधून चाळलं की त्यातला बराचसा वरच राहतो, पोळी पांढरी मऊ होते पण ते मग चक्कीचं पीठ राहत नाही, त्याचा प्रवास मैद्याच्या दिशेने सुरू झालेला असतो. पाकिटावर सबंध गव्हाचं लिहायचं आणि कोंडा काढून घ्यायचा, ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

एकदा एका मोठ्या रोलर मिलमधे आत जाऊन बघायची संधी मिळाली होती. तिथे चाळणं हा एक अख्खा मजला असतो. कपाटाएवढे मोठे खोके छताला वेताच्या काठ्यांनी टांगलेले आणि सगळे एकाच वेळी गोल गोल डुलत असतात, पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते. ह्याला प्लॅनसिफ्टर म्हणतात, १८८० च्या दशकात बुडापेस्टमधे निघालेलं हे यंत्र. त्या खोक्यात एकावर एक चौकटी रचलेल्या असतात आणि मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते हे की उघडून दाखवलेल्या चौकटी लाकडाच्या होत्या, त्यावर नायलॉनचं कापड ताणून बसवलेलं, पूर्वी तिथे रेशमाचं कापड असायचं. जाळीखाली छोटे क्लीनर सोडलेले असतात, ते उड्या मारत खालून जाळी साफ करत राहतात. प्लास्टिकच्या चौकटीही आता येतात. मी तिथल्या माणसाला विचारलं लाकूड का, तो म्हणाला हलकं असतं, कापड पुन्हा पुन्हा ताणून बसवता येतं, खिळा-पिन धरून ठेवतं. एवढ्या मोठ्या मिलला जे सोयीचं वाटतं तेच सासूबाईंच्या खिळ्यावर टांगलेलं होतं, मला घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

आणि ही पुन्हा ताणून बसवायची गोष्ट महत्त्वाची आहे. लाकडी चाळणीची जाळी फाटली तर कडं टाकावं लागत नाही. आमच्याकडे एक सुतारमामा आहेत, चुका काढतात, नवीन जाळी ताणून बसवतात, आतलं कडं परत ठोकतात, अर्ध्या तासाचं काम. प्लास्टिकची जाळी सुटली की अख्खी चाळण कचऱ्यात. माझ्या तीन वर्षांत सात प्लास्टिकच्या गेल्या.

तरीही प्लास्टिक किंवा स्टील माझ्याकडे अजून आहे आणि राहणार, ते कुठे ते सांगते. एक म्हणजे उपवासाचं. राजगिरा, शिंगाडा, वरई, ह्याला चाळण वेगळी आणि धुतलेलीच हवी, गिऱ्हाईक विचारतंच, दळतानाही कशावर दळलंय हे विचारतात आणि बरोबरच आहे. दुसरं बाळांचं नाचणीचं पीठ, मोड आणून वाळवून भाजून दळलेलं, ते सहा महिन्यांच्या बाळाच्या पोटात जाणार, तिथे मला साबणाने धुऊन उकळत्या पाण्यातून काढता येईल अशीच चाळण हवी, म्हणून ती स्टीलची.

तिसरं गहू ज्यांना चालतच नाही त्यांचं. एका आई माझ्याकडे आल्या होत्या, मुलाला सीलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन ह्या प्रथिनाने आतड्याला इजा होते, ज्वारीचं पीठ हवं होतं. लाकडी चाळणीतून एकदा गहू गेला की तो लाकडात आणि फटीत राहतो, कुंच्याने जात नाही. अशा मुलांसाठी ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, एक किलो पिठात २० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीच्याही खाली. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, चाळण मी वेगळी घेईन हो, पण दगड तोच आहे, सकाळपासून त्यावर गहू दळला गेलाय, हवेत गव्हाचं पीठ उडतंय, माझ्या गिरणीतून तुम्ही नेऊ नका. घरघंटी घ्या, तिच्यात गहू कधीच घालू नका, आणि धुता येईल अशी चाळणी ठेवा. एक गिऱ्हाईक गेलं, पण त्या बाई आजही चौकशीला फोन करतात.

स्टीलचीच का नाही घेत सगळ्यात, असंही विचारतात. घरी आठ-दहा इंची चाळणीला स्टील उत्तमच. पण अठरा इंची स्टीलची भरली की उचलवत नाही, पावसाळ्यात कोमट पिठाने तिला आतून घाम येतो आणि दुमडलेल्या काठात पीठ जाऊन बसतं, जे बाहेर काढता येत नाही. छोट्या कामाला स्टील, मोठ्या कोरड्या कामाला लाकूड, माझं असं बसलंय.

तर ताई, तुमच्यासाठी. नाचणी बाळांसाठी देणार असाल तर तिला स्टीलची वेगळी घ्या. ज्वारीला लाकडी घ्या, बारा किंवा चौदा इंची, ३० नंबर, स्टीलची जाळी, पितळेची नको कारण पावसाळ्यात हिरवट पडते. प्लास्टिकची घेतलीच असेल तर टाकू नका, पण उन्हात ठेवू नका, गरम पीठ घालू नका, आणि दर महिन्याला नखाने आतलं कडं खरवडून बघा, पांढरी भुकटी आली की त्या दिवशी बदला. तुमच्या सासूबाई बरोबर सांगतायत, फक्त त्यांना विचारून ती फट साफ कशी करायची तेही शिकून घ्या, त्यांना ते येत असणार.

पुढे एका पावसाळ्यात पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही गिरणी आवरत होतो, मोटर वर घ्यायची गडबड, पोती हलवायची गडबड, आणि सासूबाई स्टुलावर चढून आधी नव्या दोन्ही चाळणी खिळ्यावरून काढत होत्या. त्यांनी त्या जुन्या साडीत गुंडाळल्या आणि स्वतःच्या हाताने माळ्यावर नेऊन ठेवल्या. त्याच अजून चालू आहेत, ३० नंबरची जाळी मागच्या महिन्यात सुतारमामांकडून नवीन बसवून घेतली. तुम्ही सांगलीच्या जवळपासच्या असाल तर कळवा, त्यांच्याकडून एक करून ठेवते.